शिडाच्या जुन्या जहाजाच्या रेकवर डाइव्ह करताय? या चुका टाळा

लाकडी गलबताच्या रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांवर, सवय असलेला डायव्हर लगेच ओळखू येतो. तो जहाजापासून हातभर वर, आडवा, जवळजवळ न हलता तरंगत असतो. ज्याला सवय नाही तो एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने फोटो काढत असतो आणि त्याच्या फिन्समागे गाळाचा ढग उठलेला असतो. त्या ढगात दोन गोष्टी एकदमच घडतात. शेकडो वर्षं पाण्याखाली टिकलेलं लाकूड झिजतं आणि त्या डायव्हरची परतीची वाटही बुजते. लाकडी रेकवरच्या बहुतेक चुका अशाच असतात. जहाजाला इजा करणारी चूक माणसालाही अडचणीत आणते, म्हणून इथे सुरक्षितता आणि जतन यांचे वेगवेगळे कप्पे केलेले नाहीत.

लोखंडी किंवा पोलादी रेकवर बऱ्याच डाइव्ह झालेल्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन वाचावं. तिथे अंगवळणी पडलेल्या काही सवयी लाकडी जहाजावर घातक ठरतात.

डोक्यातलं जहाज आणि तळावरचं जहाज

पहिली चूक पाण्यात उतरण्याआधीच झालेली असते. डोक्यात उभ्या डोलकाठ्या, लोंबणारे दोर आणि नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, कोरीव मूर्ती असते. खाली दगडांचा ढीग दिसतो, तेव्हा ‘रेक सापडतच नाही’ म्हणून माणूस अर्धी हवा शोधाशोधीत घालवतो. पुष्कळदा त्या वेळी तो रेकच्या वरच पोहत असतो.

खाऱ्या, कोमट पाण्यात उघडं लाकूड फार काळ राहत नाही. टेरेडो नावाचा जीव ते पोखरतो. त्याला जहाजी किडा म्हणत असले तरी तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. अंग लांब, मऊ आणि डोक्याशी कानशीसारख्या खरबरीत दोन छोट्या शिंपा. फळी बाहेरून धड दिसते आणि आतून पोकळ बोळांनी भरलेली असते. वरचं लाकूड गेलं की जड सामान तेवढं उरतं: जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेले बॅलास्टचे दगड, तोफा, नांगर, कधी तांब्याचे पत्रे. सांगाड्यातलं काही शिल्लक असलंच तर ते त्या दगडांच्या ओझ्याखाली, गाळात. तिथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही म्हणून ते टिकतं. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ १५४५ साली बुडालं, त्याची गाळात रुतलेली बाजू १९८२ साली वर काढता आली. उघडी राहिलेली बाजू तोवर नाहीशी झाली होती.

थंड आणि कमी खारट पाण्यात चित्र वेगळं असतं. बाल्टिक समुद्राच्या बहुतेक भागात टेरेडो तग धरत नाही, म्हणून १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ १९६१ साली जवळजवळ अख्खं वर आलं. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या गार, गोड्या पाण्यात एकोणिसाव्या शतकातली कित्येक शिडाची जहाजं आजही जहाजासारखी दिसतात. कॅनडात टोबरमोरीला १८८५ साली बुडालेली ‘स्वीपस्टेक्स’ ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर इतक्या उथळ पाण्यात आहे की काचेच्या तळाच्या बोटीतून लोक ती वरूनच पाहतात.

म्हणून बुकिंग करण्याआधी ‘किती खोल?’ या प्रश्नाच्या जोडीने ‘काय उरलंय?’ हेही विचारा. जागेचा आराखडा असेल तर तो मागून घ्या आणि वॉटरप्रूफ पाटीवर हाताने उतरवून काढा. हाताने काढलेलं खाली आठवतं.

दगडांच्या ढिगाचं जहाज कसं ओळखायचं? ढिगाचा आकार पाहा. बॅलास्टचा ढीग लांबट असतो आणि त्यातले दगड आजूबाजूच्या तळाशी जुळत नाहीत. बरेचदा ते नदीतल्यासारखे गोल गुळगुळीत असतात. समुद्रातली लोखंडी तोफ तोफेसारखी दिसत नाही. गंज, वाळू, चुना आणि जिवांची कवचं मिळून तिच्यावर दगडासारखा थर चढलेला असतो, त्यामुळे ती एका टोकाला जाड असलेल्या ओंडक्यासारखी वाटते. असे दोन-तीन ओंडके शेजारी शेजारी पडलेले दिसले की थांबा आणि त्यांच्या मधली जागा टॉर्चने सावकाश न्याहाळा.

घाई न करणाऱ्याला काय सापडतं त्याचं एक उदाहरण. गार पाण्यातल्या एका स्कूनरच्या बाजूच्या कठड्याखाली मला लाकडाची एक जाड गोल चकती दिसली. बशीपेक्षा थोडी लहान, तिला आरपार तीन भोकं. याला डेडआय म्हणतात. डोलकाठीला बाजूने ताणून धरणारे दोर अशा चकत्यांच्या जोड्यांमधून दोरी ओवून घट्ट करत. टॉर्च आडवा धरल्यावर दिसलं की भोकांच्या कडा एकाच दिशेने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. दोर ओढून ओढून पडलेली ती खाच होती. अख्ख्या डाइव्हमधली चार मिनिटं मी त्या एका चकतीसमोर काढली आणि मागच्या गटाने तेवढ्या वेळात सगळं जहाज दोनदा पालथं घातलं. त्यांच्यातल्या कोणालाही ती चकती दिसली नव्हती.

कंबरेच्या पट्ट्यातलं जास्तीचं शिसं

रेकवर होणाऱ्या नुकसानाचं मूळ बहुतेक वेळा वजनाच्या पट्ट्यात सापडतं. ‘खाली राहता यायला हवं’ म्हणून माणूस दोन किलो जास्त लावतो. ते सावरायला बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटात) जास्त हवा भरतो. ती हवा खोली जराशी बदलली तरी फुगते-आकसते आणि डायव्हर वरखाली होत राहतो. शिवाय वजन कंबरेला आणि हवा छाती-पाठीकडे, म्हणून शरीर तिरकं होतं. तिरक्या माणसाचे फिन्स नेहमी खाली, थेट गाळावर.

वजन तपासायचं ते सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २४०० लिटर हवा असते आणि तिचं वजन तीन किलोच्या जवळ जातं. म्हणजे डाइव्हच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा दोन किलोहून जास्त हलके झालेले असता. ५० बार उरले असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून, ५ मीटरवर स्थिर राहता आलं तर वजन बरोबर आहे. पट्टा भरताना मनातली भीती मोजू नका.

समुद्रात डाइव्ह करणारे तलावातल्या रेकवर जातात तेव्हा हमखास आणखी एक चूक करतात: लॉगबुकातलं समुद्राचं वजन जसंच्या तसं लावतात. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो असाल, तर त्याच सूटमध्ये गोड्या पाण्यात सुमारे अडीच किलो कमी लागतील. पण तलाव गार असतो, सूट जाड होतो आणि जाड सूटला वजन जास्त लागतं. त्यामुळे अंदाज नको, काठाजवळ उथळ पाण्यात तपासून मगच पुढे जा.

पायांचं काम

वजन जमलं की फिन्स. वर-खाली मारायची साधी लाथ पाणी मागे लोटते तशी खालीही लोटते. जुन्या लाकडावर बसलेला गाळ पिठासारखा बारीक असतो, एका लाथेत उठतो आणि खाली बसायला कितीतरी वेळ घेतो. गुडघे वाकवून, तळवे वर ठेवून बेडकासारखी लाथ मारायला शिका. तिने पाणी सरळ मागे जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उलटं मागे सरकता आलं पाहिजे. फळीच्या फार जवळ गेल्यावर ज्याला मागे येता येत नाही, तो हाताने फळी ढकलून मागे येतो आणि चारशे वर्षांच्या लाकडावर पाच बोटं उमटवून जातो. हे स्विमिंग पूलमध्ये शिकायचं. रेक ही सराव करायची जागा नव्हे.

हातमोज्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. थंडी किंवा जागेचा नियम यासाठी लागत असतील तर जरूर घाला, एरवी नको. मोजे घातले की हात धीट होतात. उघडा हात आपोआप मागे येतो, कारण फळीवर धारदार शिंपले असतात. ग्रेट लेक्समधल्या कित्येक रेकवर बाहेरून आलेले झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले लाकूड दिसू नये इतके दाट बसले आहेत.

गाळ उठलाच तर? जास्त लाथा मारून त्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करू नका, ढग आणखी वाढतो. पाय थांबवा. बडीचा (जोडीदार डायव्हरचा) हात किंवा दोर हाताशी असेल तर धरा. श्वास सावकाश घ्या आणि हळूच एखादा मीटर वर या. गाळ तळाशी दाट असतो, थोडं वर पाणी बरेचदा निवळ मिळतं. थोडा प्रवाह असेल तर तो ढग वाहून नेतो, फक्त तेवढा धीर हवा.

नांगर कुठे टाकला?

हे बोटीवरच्या लोकांचं काम, असं म्हणून डायव्हर हात झटकतात. ते चूक आहे. ‘वासा’चे वरचे भाग ज्या कारणांनी मोडले त्यांत तीन शतकांत त्या बंदरात इतर जहाजांनी टाकलेले नांगर हे एक मोठं कारण होतं. लाकडी रेकमध्ये रुतवलेला बोटीचा नांगर एका झोकात बरगडी उखडतो. आणि लाकूड तुटलं की तोच नांगर सुटतो, बोट वाहत जाते आणि खालच्या डायव्हरना वर आल्यावर बोट दिसत नाही.

ठरावीक मुरिंग बोया (बोट बांधायला तळाशी कायम जखडलेला तरंगता बोया) असेल तर तोच वापरायचा. नसेल तर वजनाला बांधलेला दोर रेकच्या बाजूला, वाळूवर सोडायचा. ‘दोर कुठे पडणार?’ हे ब्रीफिंगमध्ये विचारा. उत्तर ‘रेकवर’ असं आलं तर ‘बाजूला टाकता येईल का?’ हेही लगेच विचारा. चांगल्या कप्तानाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आत जाऊ नका

पोलादी जहाजात शिरण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. दोर, राखीव हवा, दोन-तीन टॉर्च घेऊन ते शिस्तीने करणारे लोक आहेत. लाकडी गलबताबद्दल मात्र मी सरळ सांगेन: डेक शिल्लक असला तरी त्याखाली जाऊ नका.

जहाजाचे सांधे लाकडी खुंट्या आणि लोखंडी बोल्ट यांनी जोडलेले असत. खाऱ्या पाण्यात लोखंड आधी जातं. ‘वासा’चे बोल्ट असेच गंजून गेले होते, जहाज उभं राहिलं ते खुंट्यांच्या आणि सुतारकामाच्या जोरावर. अशा डेकची एखादी तुळई नुसती टेकलेली असते, बांधलेली नसते. तिला सिलिंडरचं टोक लागलं तर काय होईल हे आधी कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरं कारण बुडबुड्यांचं. डेकच्या फळ्यांखाली सोडलेला श्वास तिथेच अडकतो. एक लिटर हवा पाण्यात जवळजवळ एक किलोचा वरचा जोर देते. डायव्हर १० मीटरवर मिनिटाला वीस-एक लिटर हवा सोडतो, म्हणजे फळ्यांना फटी नसतील तर दोन मिनिटांत चाळीस किलोच्या आसपासचा जोर खालून लागतो. बोल्ट गेलेल्या फळ्यांना हे पेलवत नाही. हवा हळूहळू निसटते, पण तोवर फळ्या हललेल्या असतात. शिवाय पाण्यात जपलं गेलेलं लाकूड अशा हवेच्या खिशात उघडं पडतं. हे सगळं कशालाही हात न लावता घडतं. मी काही मोडलं नाही असं त्या डायव्हरला अगदी मनापासून वाटत असतं.

आत पाहायचं असेल तर डेकमधल्या झडपेच्या, म्हणजे खाली उतरायच्या दाराच्या, तोंडाबाहेर, थोडं बाजूला थांबा, म्हणजे तुमचे बुडबुडे मोकळ्या पाण्यात जातील. टॉर्च आत वळवा. पुष्कळ दिसतं.

वाळू बाजूला सारून पाहणं

ही चूक उत्सुक, वाचन असलेल्या, जहाजांवर खरंखुरं प्रेम करणाऱ्या लोकांकडून होते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. वाळूतून एखाद्या बरगडीचं टोक डोकावत असतं. हाताने पंख्यासारखी वाळू उडवली की वीतभर आणखी दिसतं. लाकूड ताजं, गडद असतं, त्यावर तासणीचे वारही कधी दिसतात. माणूस हरखतो, फोटो काढतो आणि निघून जातो.

ते लाकूड ताजं दिसतं कारण ते प्राणवायूपासून दूर होतं. आता टेरेडोच्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक पिलांना बसायला जागा मिळाली. पुढच्या मोसमात तीच वीतभर बरगडी पोखरलेली दिसेल. पुरातत्त्वाचे लोकही हाताने वाळू उडवतात, पण ते आधी मोजमाप घेतात, प्रत्येक थर नोंदवतात आणि काम संपलं की सगळं पुन्हा वाळू, कापड, वाळूच्या पिशव्या यांनी झाकतात. झाकण्याची तयारी नसेल तर उघडू नये.

आपण होऊन काही उघडं पडलेलं दिसलं तर ती मोलाची माहिती आहे. वादळानंतर वाळू सरकते आणि जी वस्तू कोणी पाहिली नव्हती ती वर येते. दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा माहितीतल्या लांबीची वस्तू धरा, पण टेकवू नका. खोली, दिशा आणि जवळची ठळक खूण लिहून ठेवा आणि त्या देशाच्या वारसा खात्याला कळवा. अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. मोजपट्टीचा आग्रह अशासाठी की पाण्याखाली मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. दोन मीटरची तोफ पावणेतीन मीटरची वाटते आणि तसंच लिहिलं जातं.

‘एवढीशी तर वस्तू आहे’

खिळा, बशीचा तुकडा, मातीची चिलीम. वर आणलेली वस्तू बहुतेकदा वर्षभरात मोडते. समुद्रातल्या ओतीव लोखंडातलं लोखंड विरघळून मागे मऊ ग्रॅफाइटचा सांगाडा राहतो आणि क्षार आत मुरलेले असतात. सुकलं की ते तडकतं, पापुद्रे सुटतात. लाकडाच्या पेशींमध्ये फक्त पाणी उरलेलं असतं, ते गेलं की लाकूड आक्रसून वेडंवाकडं होतं. ‘वासा’वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणचट रसायनाची) फवारणी १७ वर्षं चालली. ‘मेरी रोझ’वरचे फवारे तर वर काढल्यानंतर तब्बल ३१ वर्षांनी, २०१३ साली बंद झाले. घरच्या बादलीत हे होत नाही.

आणि वस्तू कुठे पडली होती यातच तिची अर्धी गोष्ट असते. चिलीम खलाशांच्या झोपायच्या जागेजवळ होती की कप्तानाच्या खोलीपाशी? उचलल्यावर हा प्रश्न कायमचा मिटतो. ‘मी फक्त नीट दिसावी म्हणून वर ठेवली’ हेही तितकंच नुकसान.

कायद्याचं थोडक्यात: युनेस्कोच्या २००१ सालच्या करारानुसार किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेला मानवी वारसा संरक्षणाला पात्र ठरतो आणि तो आहे त्या जागीच जपणं हा पहिला पर्याय मानला जातो. देशोदेशींचे कायदे याहून कडकही आहेत. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याखाली जाहीर केलेल्या रेकवर परवान्याशिवाय डाइव्हच करता येत नाही. जुन्या लढाऊ जहाजावर ते ज्या देशाचं होतं त्याचा हक्क शाबूत असू शकतो. फ्रान्सचं ‘ला बेल’ टेक्सासच्या किनाऱ्याजवळ १६८६ साली बुडालं, तरी ते फ्रान्सचंच मानलं गेलं. परवाना लागतो का, हे ऑपरेटरला लेखी विचारा.

५० बारचा भरवसा

‘५० बार उरले की वर यायचं’ हा नियम उथळ प्रवाळावर चालून जातो. ३० मीटरवरच्या रेकवर तो धोक्याचा आहे. हिशेब करून पाहा.

३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून हवाही चौपट लागते. समजा, बडीची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर आलात. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, दोघांचे ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत यायला जवळजवळ तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार: ४९५ लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: २७० लिटर. शेवटचे ५ मीटर: ७५ लिटर. बेरीज १०८० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये हे बरोबर ९० बार होतात.

म्हणजे ३० मीटरवरून ९० बार असतानाच निघायला हवं, आणि दोरापर्यंत परत पोहायचं असेल तर त्याहून आधी. त्या खोलीवर साध्या हवेने डीकंप्रेशनशिवाय (वर येताना सक्तीचे थांबे न घेता) मिळणारा वेळही जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास असतो. त्यात अख्खं जहाज पाहायचा अट्टहास केला की घाई होते आणि घाईत फिन्स गाळात जातात. एका डाइव्हला जहाजाचा एकच भाग ठरवा: आज फक्त नाळ, उद्या सुकाणू.

नायट्रॉक्सने (साध्या हवेपेक्षा जास्त प्राणवायू असलेल्या मिश्रणाने) तळावरचा वेळ वाढतो, पण ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणाला सुमारे ३३ मीटरची मर्यादा आहे. रेकचा वरचा भाग २८ वर आणि तळ ३६ वर असेल, तर तोफेच्या मागे लागून खाली घसरायला वेळ लागत नाही. सिलिंडरमधला प्राणवायू स्वतः मोजा.

जाळी आणि दोर

रेकभोवती मासे जमतात, म्हणून जाळी येतात आणि अडकून तिथेच राहतात. मोनोफिलामेंटची (एकेरी पारदर्शक धाग्याची) जाळी हिरवट पाण्यात दिसतच नाही. एकच मोठा सुरा पोटरीला बांधणं ही जुनी सवय सोडा. अडकलेला पायच जर मागे असेल तर हात तिथवर पोचत नाही. दोरा कापायचं एक छोटं कटर छातीजवळ आणि एक मजबूत कात्री दुसऱ्या बाजूला, दोन्ही कुठल्याही हाताने काढता येतील अशा जागी ठेवा.

अडकलात तर गिरकी घेऊ नका, जाळं गुंडाळलं जातं. आलात त्याच रेषेत थोडं मागे सरका, बहुतेकदा सुटतं. नाही सुटलं तर बडीला टॉर्चने खूण करा आणि त्याला कापू द्या, कारण त्याला दिसतंय, तुम्हाला नाही.

आणखी काही अडचणी

बडी दिसेनासा झाला: जागेवर थांबून गोल फिरून पाहा, टॉर्च फिरवा, वर बुडबुडे शोधा. एका मिनिटात नाही सापडला तर नेहमीच्या वेगाने वर या. बुजलेल्या पाण्यात रेकभोवती त्याला शोधत फिरू नका. हे आधी दोघांत ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर एक वर वाट पाहतो आणि दुसरा खाली शोधत राहतो.

प्रवाह अचानक वाढला: फळी धरून राहावंसं वाटतं. ती धरायची वस्तू नव्हे, ती हातात येईल. जहाजाच्या आडोशाला तळालगत या, तिथे प्रवाह मंद असतो. दोरापर्यंत पोचता येत नसेल तर दोराचा नाद सोडून मार्कर बोया (बोटीला तुमची जागा दाखवणारा फुगवायचा बोया) वर सोडा आणि पाण्यासोबत वाहत वर या. हा बोया सोडण्याचा सराव उथळ पाण्यात आधी झालेला हवा.

गार पाण्यात रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून) हवा धो धो सुटायला लागली: आतला भाग गोठल्याचं ते लक्षण आहे. बडीच्या हवेवर जा आणि डाइव्ह संपवा. टाळायचं असेल तर बोटीवर गार वाऱ्यात रेग्युलेटरमधून श्वास घेऊ नका, पर्जचं (हवा जोराने सोडायचं) बटण उगाच दाबू नका आणि खोलवर बीसीडी एकदम न भरता थोडी थोडी भरा. थंड पाण्यासाठी बनवलेला रेग्युलेटर नसेल तर भाड्याने घ्या.

फोटोत नुसते पांढरे ठिपके येतात: फ्लॅश लेन्सच्या शेजारी असल्यामुळे समोरचा गाळ उजळतो. दिवे लांब दांड्यांवर बाजूला न्या. तरी ठिपके आलेच तर गाळ कोणी उठवला ते एकदा मागे वळून पाहा. नव्या रेकवर पहिल्या डाइव्हला कॅमेरा बोटीवरच ठेवावा, असं मी आग्रहाने सांगतो. डोळा स्क्रीनवर असताना गुडघा कशावर टेकलाय ते कळत नाही.

डोकं हलकं झालं, कॉम्प्युटरवरचे आकडे दोनदा वाचूनही लक्षात येईनात: ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू शकते. काही मीटर वर या, ती उतरते. याच अवस्थेत लोक ‘फक्त एकदा’ म्हणून झडपेतून आत डोकं घालतात.

वर आल्यावर

अंग कोरडं होण्याआधी पाटी काढा आणि आठवेल ते रेखाटा. तोफांची तोंडं कोणत्या दिशेला होती, नांगर नाळेपासून किती लाथांवर होता, कुठली फळी सुटलेली दिसली. बडीनेही वेगळं रेखाटावं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे ते जुळत नाहीत, तिथून दुसरी डाइव्ह सुरू करा. दोन्ही रेखाटनांवर तारीख, खोली आणि दृश्यता लिहा. त्याच रेकवर पुढच्या वर्षी गेलात, तर एखादी फळी जागेवरून हलली आहे हे या कागदांवरूनच कळेल, आणि ते वारसा खात्याला कळवण्यासारखं असतं.

परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास जमिनीवर राहायचं असतं. तेवढ्या वेळात जवळपास सागरी संग्रहालय असेल तर तिथे जा. खाली अर्धवट पाहिलेली तीन भोकांची चकती तिथे काचेमागे, दोरासकट ओवलेली दिसू शकते.